ठोंबरेबाईंनी फिरवलेल्या चपला

ठोंबरेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहीत होत्या: सात आठे चोपन्न. लिहून झाल्यावर त्यांनी खाली दोन रेघा मारल्या, खडू सुताराच्या पेन्सिलीसारखा कानामागे खोचला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "बघा भाऊ, बरोबर हाय का?"

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतली बोळातली खोली. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर विटलेली सतरंजी, समोर फळा. वर्ग भरायला वेळ होता. खोलीत आम्ही तिघंच होतो: मी, माझी बायको सुनंदा आणि आठवीत गेलेली आमची मुलगी ऋतुजा. मुलीला शिकवणी लावायला आलो होतो. ऋतुजाने एव्हाना वही काढून ते चोपन्न सुवाच्य अक्षरांत उतरवूनही घेतलं होतं.

सुनंदाने मला कोपराने ढोसलं. "अहो, छप्पन्न ना?"

"गप्प. बाई आहेत त्या," मी दातांतल्या दातांत म्हणालो. आणि मग बाईंकडे पाहून, दुकानात गिऱ्हाइकाला हसतो तसा प्रसन्न हसलो. "एकदम बरोबर, बाई!"

माझं खतांचं आणि बी-बियाणांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना पटवण्यावर माझं पोट चालतं. पण एका बाईने फळ्यावर लिहिलं म्हणून साताचा पाढा विसरणारा माणूस मीच, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. उंच, हाडापेराने रुंद, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि नजर अशी की मेंढरं मोजावीत तशी माणसं मोजणारी. मग म्हणाल्या, "ताईंना आलं, पण त्या कुजबुजल्या. पोरीला आलं का न्हाई ते कळंना, कारण तिनं तोंडच उघडलं न्हाई. अन् भाऊ, तुमी तर मानच डोलावली! पोरीला घेते मी. तिला गरज हाय. तुमाला बी हाय, पण तुमचं वय बसत न्हाई माझ्याकडं."

मी हबकलो. पैसे देऊन अपमान करून घ्यायची ही माझी पहिलीच वेळ होती.

ऋतुजाला नेमकं काय झालं होतं ते आधी सांगायला हवं. आमची पोर अत्यंत गुणी. गुणी म्हणजे इतकी गुणी की शाळेत 'समजलं का?' असं विचारलं की सगळ्यांच्या आधी तिचं 'हो' यायचं, समजलेलं असो वा नसो. सहावीपर्यंत पाठांतराच्या जोरावर गाडी निभावली. मग गणित हातातून सुटलं, पाठोपाठ विज्ञान सुटलं, पण 'हो' काही सुटलं नाही. घरी विचारलं तरी हो, रडून डोळे सुजले असले तरी हो. पोर आतल्या आत बुडत होती आणि वरून मान डोलावत होती. मार्कांची काळजी मला होती. सुनंदाला काळजी होती ती त्या 'हो'ची.

माझा मेहुणा बाळू याचं मत होतं की तिला हायवेवरच्या अ‍ॅकॅडमीत घालावं. तिथे काचेची इमारत, गार हवेचे वर्ग, दर रविवारी परीक्षा आणि बाहेर हसऱ्या मुलामुलींच्या फोटोंचा हा एवढा मोठा फ्लेक्स. बाळू म्हणाला, "दाजी, ठोंबरेबाई डेंजर हायेत. चांगल्या चांगल्या पोरांना मधीच काढून देत्यात. गावात इज्जत जाती." पण अ‍ॅकॅडमीत एका वर्गात इतकी मुलं होती की आमच्या ऋतुजाचं 'हो' तिथे कोणाला ऐकूही गेलं नसतं. सुनंदा म्हणाली, बाईंकडेच. आमच्या घरात असे प्रश्न मी फार वेळ चर्चेत ठेवत नाही.

पहिल्या पंधरवड्यातच ऋतुजा घरी येऊन हिरमुसल्या चेहऱ्याने म्हणाली, "बाबा, एक सांगू? बाईंना काहीच येत नाही."

"म्हणजे?"

"आज म्हणाल्या, कुकडी नदी भीमाशंकरला उगम पावते."

आता कुकडीच्या काठावर राहणाऱ्या पोरीला हे सांगायचं! ती भीमा. कुकडी आमच्या जुन्नरच्याच डोंगरातून निघते, हे इथल्या म्हशींनाही माहीत आहे. मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"लिहून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारायच्या तयारीने दुकान लवकर बंद केलं आणि बोळात जाऊन उभा राहिलो. आतून बाईंचा आवाज येत होता. आवाज काय सांगू! बाईंचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, मेंढरांमागे फिरणारं. आजोबांनी या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या मेंढरांना हाक मारायची, तो आवाज नातीकडे वारशाने आलेला. आत त्या शिकवत होत्या की झाडं रात्री श्वास घेत नाहीत, झोपतात.

आणि मग आतून 'फाट्ट' असा आवाज आला. मला वाटलं, मारलं! पोराला मारलं! मी तसाच दारात घुसलो. पाहतो तर एका मुलाने फरशीवर सणसणीत तळहात आपटला होता आणि तो ओरडत होता, "बाई, चुकलं!"

"कुठं चुकलं?"

"झाडं रात्री पण श्वास घेतात."

"का घेत्यात?"

"जिवंत असतात म्हणून. अन्न तयार करायला ऊन लागतं, श्वास घ्यायला नाही."

"हात दुखला का?"

"हो बाई."

"दुखू दे. बस खाली." आणि बाईंनी त्याच्या दिशेने एक पेरू असा भिरकावला की क्रिकेटवाल्यांनी तोंडात बोट घालावं.

तेव्हा मला या शाळेचा कायदा कळला. बाई रोज शिकवत आणि रोज कुठे ना कुठे चूक पेरून ठेवत. एकदम गंभीर चेहऱ्याने, डोळ्याची पापणीही न हलवता. ज्याला सापडेल त्याने फरशीवर हात आपटायचा. पण नुसतं 'चुकलं' म्हणून भागत नसे. कुठं चुकलं, का चुकलं आणि बरोबर काय, हे तिन्ही सांगायला लागे. नाही सांगता आलं तर बाई म्हणत, "हात आपटायला काय, म्हस बी शेपटी आपटती." कोणालाच चूक सापडली नाही, तर जाताना त्याही सांगत नसत. पोरं डोक्यात भुंगा घेऊन घरी जात.

मी दारातच उभा होतो. बाईंनी वळून पाहिलं. "या भाऊ. काही चुकलं का?"

"नाही, नाही! सहज आलो होतो," मी म्हणालो. हात आपटायची माझी छाती झाली नाही.

बाईंची काही वाक्यं आमच्या घरात अजून चलनात आहेत. "फळ्यावर लिहिलं म्हंजी खरं न्हाई झालं," हे पहिलं. "गप बसणारं मेंढरू अन् गप बसणारं पोर, दोनी आजारी समजायचं," हे दुसरं. आणि कोणी बाप मार्कांबद्दल विचारायला आला की त्याच्यासाठी राखून ठेवलेलं तिसरं: "मार्क म्हंजी लोकर, भाऊ. मेंढरू धडधाकट ठिवा. लोकर न सांगता येती."

ऋतुजाचा हात पहिल्यांदा आपटला तो पावसाळा सरता सरता. मी तिला न्यायला गेलो होतो. दिवस मावळायच्या आत बाई वर्ग सोडत, कारण काही मुलं उसाच्या कडेने जायची आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या बसलेला असतो हे सांगायला नको. बोळात मोटरसायकल लावतो तोच आतून आवाज आला. फाट्ट नव्हे, नुसतं टप्. जसं झाडावरून पिकलेलं काहीतरी पडावं. आणि पाठोपाठ एक चिरका आवाज, "बाई... चुकलं."

माझ्या पोरीचा आवाज! मी तिथेच थबकलो.

"कोन बोललं? मला ऐकू येत न्हाई."

"चुकलं, बाई."

"म्हातारी झाले ग मी. मोठ्यानं!"

"बाई, चुकलं!" ऋतुजा किंचाळली. इतक्या जोरात की समोरच्या कासाराने दुकानातून मान बाहेर काढली. मग तिने कुठे, का आणि बरोबर काय, ते सगळं धडाधड सांगितलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पेरू होता आणि तळवा लालभडक झाला होता. तो तिने मला असा दाखवला, जसं कोणी मेडल दाखवावं.

त्यानंतर आमच्या घराची शांतता संपली ती संपलीच. जेवताना मी काही बोललो की टेबलावर हात पडे. टीव्हीवरच्या बातमीवर हात पडे. एकदा दुकानात एका गिऱ्हाइकाला मी एका औषधाचे गुण जरा सढळ हाताने सांगत होतो. काउंटरवर दणका बसला. "बाबा, चुकलं. पिशवीवर टोमॅटोसाठी लिहिलंय, कांद्यासाठी नाही. मुळं जळतील काकांची." गिऱ्हाईक खो खो हसत सुटलं. मी पिशवी परत फळीवर ठेवली. पुढे तेच गिऱ्हाईक पिंपळवंडीहून चार शेजाऱ्यांना घेऊन आलं आणि म्हणालं, "पावणं, तुमची पोरगी कुठंय? तिला इचारूनच माल घ्यायचा हाय." स्वतःच्या दुकानात माझी बढती झाली ती खाली.

दोन वर्षं अशी गेली. ऋतुजा दहावीत आली. आणि दिवाळीनंतर एका संध्याकाळी जे घडलं, त्याने आमच्या घरावर वीज पडली.

त्या दिवशी बाई भूमितीचं एक प्रमेय सोडवत होत्या. ओळीमागून ओळ लिहून झाली, शेवटी सिद्धता झाली, खाली दोन रेघा पडल्या. त्या दिवशीची पेरलेली चूक एका मुलाने आधीच पकडली होती, त्यामुळे सगळे निवांत होते. ऋतुजा मात्र फळ्याकडे टक लावून बसलेली. मग तिने हात आपटला.

"बाई, चुकलं."

"आजची चूक झाली की ग सापडून."

"दुसरी आहे. तिसऱ्या ओळीत हा कोन काटकोन धरलाय. पण तो काटकोन आहे असं दिलेलंच नाही. आकृतीत तसा दिसतोय फक्त. दिसतो म्हणून धरता येत नाही."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. मुलं सांगतात की त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. कानामागचा खडू काढला, पुन्हा खोचला. ही चूक त्यांनी पेरलेली नव्हती. ही खरी होती. त्या खरोखरच चुकल्या होत्या.

मग त्या फळ्यापासून निघून दारापाशी गेल्या. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग होती. प्रत्येक जोड आत येताना काढलेला, म्हणून आत तोंड करून. बाई वाकल्या, ऋतुजाच्या चपला उचलल्या आणि फिरवून, बोळाकडे तोंड करून, उंबऱ्याला टेकवून ठेवल्या. पाय घातला की चालायला लागावं अशा.

"ऋतुजे, दप्तर घे. उद्यापास्नं येऊ नको."

बाईंनी चपला फिरवल्या! जुन्नरच्या बाजारात ही बातमी पोरीच्या आधी माझ्या दुकानात पोचली. गावात या शब्दांचा अर्थ एकच होता: बाईंनी पोर हाकलून दिलं. का हाकललं हे बाई कधी कोणाला सांगत नसत, म्हणून लोक आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवत. उर्मट असेल. कॉपी केली असेल. आजकाल मोबाइल फार झालाय हो! संध्याकाळपर्यंत तिघांनी मला धीर दिला आणि एकाने तर खांद्यावर हातही ठेवला, जणू घरात कोणी गेलं होतं.

आणि ऋतुजा? ती हसत हसत घरी आली. "बाबा, हे चांगलं असतं! बाईंची खरी चूक सापडली की त्या चपला फिरवतात. सगळ्या मुलांना माहितीये."

"लाज झाकायला काहीही सांगू नकोस," मी गरजलो.

तिने टेबलावर हात आपटला. मी तिकडे लक्षही दिलं नाही. दहावीचं वर्ष! पूर्वपरीक्षा तोंडावर! आणि माझी पोर रस्त्यावर! दुसऱ्या सकाळी बाळू हजर झाला. "मी सांगितलं व्हतं ना, दाजी? आता ऐका. अ‍ॅकॅडमीवाल्यांचा मला स्वतःहून फोन आलता. बाईंनी काढलेली पोरगी हाय म्हणल्यावर लगेच घेतो म्हणले."

हे ऐकून मला तरी शंका यायला हवी होती. हाकललेल्या पोरांना कोणी असं धावून धावून घेतं का? पण शंका आली सुनंदाला. ती म्हणाली, "बाळू, तो बाहेरचा फ्लेक्स आहे ना, त्याच्यावरची ती पहिल्या रांगेतली मुलं. त्यातली बाईंनी काढलेली किती?"

बाळूने डोकं खाजवलं. एकेक नाव आठवलं. मग तो म्हणाला, "आयला."

तरीही मन मानेना. आम्ही दोघे मेहुणे-दाजी, ऋतुजाला मध्ये धरून, द्राक्षांची पेटी घेऊन बाईंकडे गेलो. बाई वर्गामागच्या घराच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. पेटीकडे पाहून म्हणाल्या, "कुनाचं लगीन ठरलं?"

"बाई, चूक झाली असेल पोरीची. पदरात घ्या," मी हात जोडले. "परीक्षा होईपर्यंत तरी येऊ द्या. नाहीतर अ‍ॅकॅडमीत घालावं लागेल."

"घाला की. तितं काय करून घेत्यात?"

बाळू सरसावला. "सगळं शिस्तीत असतं, बाई."

"बरं झालं. पोरीचा दिवस बसवून बघू मंग." बाई तांदळातला खडा बाजूला टाकत शांतपणे म्हणाल्या. "शाळा सहा तास. अ‍ॅकॅडमी चार. जायला यायला दोन. घरी येऊन अभ्यास पाच. झोप आठ, पोरगी वाढती हाय. झाले का चोवीस?"

"झाले की! बरोबर बसतंय," बाळू म्हणाला.

मीही मान डोलावली.

फाट्ट! ऋतुजाचा हात ओट्यावर पडला. "चुकलं! पंचवीस झाले. आणि त्यात जेवण नाही, अंघोळ नाही."

बाळूचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना. बाई आमच्या दोघांकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत असा काही आनंद होता की तो लपवायला त्यांनी सूप तोंडासमोर धरलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आमच्यात कोकरू मोठं झालं की त्याचं दूध तोडत्यात. वाघरीच्या, म्हंजी जाळीच्या कुंपनाच्या, अल्याड कोकरू, पल्याड आई. दोन दिस दोनी वरडत्यात. ऐकवत न्हाई. पण न्हाई तोडलं तर कोकरू चरायचं शिकतच न्हाई, अन् आई वाळत जाती. तुमची पोरगी चरायला लागली. माझी चूक हुडकली तिनं, मी न लपिवलेली. आता माझ्याकडं तिच्यासाठी दूध न्हाई. अन् तुमी तिला परत दुधाला लावाया आलाय, वर द्राक्षं घिऊन!"

"पण पोरीला अडलं तर?"

"अडू दे. अडलं की ती काय करील?"

मी ऋतुजाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बघीन कुठं अडलं. का अडलं. मग तेवढंच विचारायला येईन." हे सांगताना तिने मान डोलावली नाही. माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. आठवीत जाताना 'हो' म्हणणारी ती पोर मला आठवली आणि मी द्राक्षांची पेटी उचलून घराकडे वळलो.

ती अ‍ॅकॅडमीत गेली नाही. घरी बसून शिकली. अडायची, चिडायची, वही फेकायची, पुन्हा उचलायची. तिचे मार्क मी इथे सांगणार नाही, कारण पेढे घेऊन गेलो तेव्हा बाईंनीही विचारले नाहीत. त्यांनी विचारलं, "पेपरात कुठं चूक सापडली का ग?" ऋतुजा म्हणाली, एका प्रश्नाची भाषा गोंधळाची होती. बाई म्हणाल्या, "मंग पेढं ठिवून जा."

पुढे ऋतुजा पुण्याला कॉलेजात गेली. आणि या उन्हाळ्यात, सकाळी सकाळी, दुकानाचं शटर वर करत असताना फोन वाजला. ठोंबरेबाई गेल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी वर्ग घेतला होता. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. शटर अर्ध्यावर तसंच धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मला सारखं वाटत होतं, ही पेरलेली चूक असेल. कोणीतरी आता हात आपटेल.

शोकसभा एका सभागृहात भरली. मुलं जास्त, खुर्च्या कमी, म्हणून पुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. पुण्याहून, चाकणहून, कुठून कुठून बाईंची मुलं आली होती. कोणी नोकरीवाले, कोणी कडेवर लेकरू घेतलेल्या. बोलायला एक मोठे साहेब आले होते. त्यांना बाईंची माहिती गाडीत कोणीतरी सांगितली असावी.

"बाईंचा जन्म जुन्नर तालुक्यातला," साहेबांनी सुरुवात केली.

मागून कुठूनतरी 'टप्' असा आवाज आला. साहेब थांबले. काही पडलं असेल असं समजून पुढे गेले.

"बाईंनी मुलांना शिस्त लावली. मोठ्यांचं मुकाट्याने ऐकायला शिकवलं."

फाट्ट. फाट्ट. दोन ठिकाणांहून. संयोजक उठून इकडे तिकडे बघू लागले. माझ्या शेजारी बाळू होता. तो कुजबुजला, "दाजी, आता हे थांबत नसतं."

"आणि मी ठामपणे सांगतो," साहेबांचा आवाज चढला, "या थोर शिक्षिकेच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही!"

काय सांगू तुम्हाला! सभागृह कोसळतंय असं वाटलं. शेकडो तळहात एकाच वेळी जमिनीवर पडले. कडेवरची लेकरं दचकून रडायला लागली, पंख्यावरची कबुतरं उडाली, साहेबांचा माणूस धावत त्यांच्या पुढे आडवा उभा राहिला. आणि त्या धुरळ्यात माझी पोर उभी राहिली.

"सर, चुकलं," ऋतुजा म्हणाली. "बाई रोज चुकायच्या. जन्म आंबेगाव तालुक्यातला. आणि मुकाट्याने ऐकायला नाही शिकवलं." मग ती साहेबांकडे सरळ पाहून म्हणाली, "एकदा त्या खरंच चुकल्या होत्या. तेव्हा मी होते तिथे."

साहेब खाली बसले. ते चिडले असतील असं मला वाटलं. पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शेजाऱ्याला विचारलं, "ह्या बाई अजून शिकवणी घेतात का?" मग स्वतःच्याच लक्षात येऊन मान खाली घातली.

सभा सुटल्यावर ऋतुजा म्हणाली, "बाबा, बोळात जाऊन येऊ." आम्ही गेलो. दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर बाईंच्या चपला होत्या, शेवटच्या वर्गाच्या संध्याकाळी काढल्या तशाच, आत तोंड करून. टाचा झिजलेल्या. कोणी हात लावला नव्हता. ऋतुजा त्यांच्यापाशी उकिडवी बसली. मग तिने त्या दोन्ही हातांनी उचलल्या, फिरवल्या आणि बोळाकडे तोंड करून उंबऱ्याला टेकवून ठेवल्या.

मी तोंड फिरवलं.

फाट्ट!

आम्ही दोघंही उडालो. आत अंधुक उजेडात, सतरंजीवर, फळ्यासमोर बाईंची सातवी-आठवीची पोरं बसली होती. शिकवणीची वेळ झाली होती, म्हणून आली होती. घरी कोणाला सांगितलंही नसावं. पुढे बसलेल्या एका बारीकशा मुलीचा हात अजून फरशीवर होता.

"ताई, चुकलं," ती म्हणाली.

"कुठं चुकलं?" ऋतुजाच्या तोंडून आपसूक गेलं.

"बाईंच्या चपला फिरवल्या तिथं."

"का चुकलं?"

"बाईंचं अजून झालं नाही. आमचे अपूर्णांक राहिलेत."

"मग... बरोबर काय?"

मुलीने खांदे उडवले. ते तिला येत नव्हतं. पण तिने ऋतुजाच्या पायांतल्या सँडलकडे पाहिलं.

ऋतुजाने बाईंच्या चपला पुन्हा आत तोंड करून ठेवल्या, त्यांच्या शेजारी आपल्या सँडल काढल्या, डोळे पुसले आणि आत गेली. फळ्याच्या कडेवर खडूचा तुकडा पडला होता. तो घेऊन तिने एकदम गंभीर चेहऱ्याने, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. खाली दोन रेघा मारल्या. वळून विचारलं, "बरोबर आहे का?"

उंबऱ्याबाहेरून मी मान डोलावली.

आणि फरशी हादरली.